भूपेशच्या नावाचा रोट

खोटं बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही. सासरी टिकायचं तर ते यावंच लागतं. भाजी खारट झाली तर मीठच यंदा तसं आलंय म्हणायचं, माहेरी दोन दिवस जास्त राहायचं असेल तर आईला ताप आणायचा. लग्न होऊन कळसाडीला आले तेव्हा माझं हे असलं खोटं पकडणारा घरात एकच माणूस होता, माझा धाकटा दीर भूपेश. तो तेव्हा बारावीला होता. मी माहेरच्या फोनवरून उठून आले की पुस्तकातून डोकं वर काढून, माझ्या तोंडाकडे बघत विचारायचा, "वहिनी, आज तुन्ही मायले ताप कितला शे?" मी त्याला लाटणं दाखवायचे आणि तो हसायचा. सासूबाई, दगूबाई, ज्यांना आम्ही सगळेच माय म्हणतो, त्यांना यातलं काही कळायचं नाही, किंवा त्या तसं दाखवायच्या.

हे आधी सांगते कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. भूपेशला माझं खोटं कळायचं, आणि तरी त्याचा माझ्यावर विश्वास होता.

सुरुवात नेमकी कधी झाली ते आजही बोट ठेवून सांगता येत नाही. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर तो चालायला लागला एवढं आठवतं. शहाद्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता, तिथं जाणं बंद केलं, आणि अंगणात न्हाणीपासून ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत फेऱ्या सुरू केल्या. सत्तावीस पावलं जायला, सत्तावीस यायला. मी भाकरी थापता थापता मोजायचे. एखाद वेळी पंचविसाव्या पावलाला तो थांबला की माझाही हात परातीत थांबायचा. पुढे पुढे तर मलाच एका जागी बसवेना. भांडी घासायला बसले की उठून दार बघून यायचं, परत बसायचं, परत उठायचं. आंघोळ त्यानं सोडली, दाढी सोडली, रात्रीची झोप सोडली, आणि घरातल्या कोणाची झोप ठेवली नाही.

मग बोलणं सुरू झालं. शेजारच्या पितांबरनानांची विहिरीवरची मोटर त्याचं नाव घेते. दोन माणसं आहेत, दिसत नाहीत, पण दिवसभर त्याच्याबद्दल बोलतात. हा आता उठला. आता चप्पल घालतोय. आता वहिनीकडे बघतोय. आणि घरात कोणीतरी त्याच्या जेवणात काहीतरी घालतं. हे शेवटचं त्यानं तेव्हापासून धरलेलं, जेव्हा आमच्यापैकी कोणी त्याच्या ताटात मिठाचा जादा खडाही घातला नव्हता.

घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. मायला बाहेरची बाधा दिसत होती, तिनं तोरणमाळच्या वाटेवरच्या एका भगताकडून दोरा आणून त्याच्या दंडाला बांधला. माझ्या नवऱ्याला, नवनीतला, मोबाइल दिसत होता. मला पोरगी दिसत होती. प्रेमभंगच असणार म्हणून मी एकदा त्याचा फोन उघडला आणि फोटो बघायला घेतले. एकसष्ट फोटो होते, सगळे विजेच्या एकाच खांबाचे. पहिले पाच-सहा बघून मी हसले. मग हसू गेलं आणि फोन जागेवर ठेवून दिला. कोणाला सांगितलं नाही, हीच माझी पहिली चूक.

जूनमध्ये त्यानं पितांबरनानांच्या मोटरीची वायर विळ्यानं कापली. नाना भांडायला आले होते, पण ओट्यावर बसून त्यांनी भूपेशच्या पंधरा-वीस फेऱ्या बघितल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. त्यांच्या मेहुण्याच्या मुलाचं असंच झालं होतं. वायरीचं राहू द्या, म्हणाले, पोराला नंदुरबारला मनाच्या डॉक्टरकडे न्या, आणि उद्याच न्या.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी तासभर भूपेशशी बोलून घेतलं, मग तासभर आमच्याशी. कधीपासून, किती महिने, आवाज एक का दोन, घराण्यात आणखी कोणाला. मायनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, तिचा एक मामा घरातून निघून गेला होता तो परत आला नव्हता. बाईंनी लिहून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. पोरीमुळे नाही, मोबाइलमुळे नाही, कोणी काही केलं म्हणून नाही. मेंदूचा आजार आहे, बहुतेकदा याच वयात डोकं वर काढतो. त्याला जे ऐकू येतं ते त्याच्यासाठी खरंच असतं, तेव्हा वाद घालू नका आणि हो ला होही म्हणू नका.

नवनीतनं विचारलं, बरा कधी होईल. बाई म्हणाल्या की काही जण पुरते बरे होतात, काही जण बरेचसे होतात पण गोळी चालू ठेवावी लागते, आणि काहींना कायम आधार लागतो. तो कुठल्या वाटेनं जाईल ते आज सांगणं खोटं होईल, दोन वर्षांनी विचारा. एक मात्र नक्की, गोळी मध्येच सुटली की आजार उलटतो, आणि दर वेळी उलटला की माघारी यायला जास्त दिवस लागतात. मग त्यांनी भूपेशला विचारलं, घरात तुझा विश्वास कोणावर आहे. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

बाई मला म्हणाल्या, "मग हे सांभाळा. गोळीपेक्षाही हे सांभाळा."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

बारा दिवस त्यानं गोळी घेतली. जबडा आखडायला लागला, दुपारी भिंतीला टेकून झोपायला लागला, आणि तेराव्या दिवशी त्यानं ठरवलं की जेवणात घालतात ते विष म्हणजे हीच गोळी. थुंकून टाकली. त्या वेळी सरळ नंदुरबारला फोन लावायचा होता, जबड्याचं सांगायचं होतं. पण दुपारी चुलतसासू वत्सलाबाई आल्या. आमच्याकडे नवऱ्याची दारू सोडवायची पूड भाजीतून घालणाऱ्या बायका काही कमी नाहीत. वत्सलाबाईंनीही घातली होती, आणि काकांची दारू सुटली असं त्या सांगतात, काका काहीही सांगोत. त्या म्हणाल्या, औषध ते औषध, पोटात गेल्याशी मतलब, डाळीतून घाल.

मला ते फार शहाणपणाचं वाटलं, घरात कोणाला सांगितलंही नाही. कागदाच्या घडीत गोळी ठेवायची, वरून बत्त्यानं दाबायची, आवाज होऊ नये म्हणून त्याच वेळी नळ सोडायचा. पण गुण आला, हे मी नाकारणार नाही. तीन आठवड्यांत फेऱ्या कमी झाल्या. एक दिवस तो स्वतःहून आंघोळीला गेला, आणि माय न्हाणीच्या दाराबाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली. कपाशीला खत द्यायला तो नवनीतबरोबर शेतात गेला. डॉक्टरबाईंना मी फोनवर सांगितलं, गोळी घेतोय. म्हणजे त्यांच्याशीही खोटं बोलले.

मग एका दुपारी जेवता जेवता त्यानं ताट उचललं, नवनीतच्या पुढे ठेवलं आणि नवनीतचं आपल्या पुढे ओढलं. माझा घास तोंडात तसाच. नवनीत सगळी डाळ भुरकून शेतात गेला आणि दुपारी उसाच्या बांधावर असा झोपला की बाऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या शेतात गेलं. संध्याकाळी डोळे चोळत घरी आला. दुसऱ्या कशावर मी पोट धरून हसले असते. पण भूपेश दारात उभा होता आणि भावाला खालून वर बघत होता. त्याला हवा होता तो पुरावा मिळाला होता.

त्या दिवसापासून त्यानं घरचं शिजवलेलं सोडलं. स्वतः सोलून केळी, स्वतः फोडून शेंगा, उकडलेली अंडी, तीही स्वतः उकडून. गोळी बंद. आठव्या दिवशी फेऱ्या परत सुरू झाल्या, अकराव्या दिवशी तो मोटरीला उत्तरं द्यायला लागला.

आणि कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांना सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घालून, चौरंगावर. तिच्या नैवेद्याला रोट करतात, पुरणाचे. घरात जितके पुरुष, तितकी सव्वाची मापं गहू, एकेकाचं नाव घेऊन घालायचे. बायकांच्या नावाचं माप नसतं, दळायचं आणि लाटायचं मात्र बायकांनी, पण तो राग आज राहू दे. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर कणभरही द्यायचा नाही. तो करताना घरात शिवी नको, भांडण नको, लबाडी नको. सासरे गेल्यापासून आमच्या घरी दोनच मापं पडतात, नवनीतचं आणि भूपेशचं.

शनिवारी माय गहू काढत होती तेव्हा भूपेश फेऱ्या सोडून जवळ येऊन बसला. आपलं माप त्यानं स्वतःच्या हातानं घातलं. दळताना घरघंटीपाशी उभा राहिला. आणि म्हणाला, "रोट खासू मी. रोटमा कोन्ही काही टाकत नही."

माय पदर डोळ्याला लावून आत गेली. मी तिथंच उभी राहिले, आणि माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, बरं झालं, आता घालता येईल.

हेही मी एकटीनंच केलं. मायला सांगितलं असतं तर तिनं माझा हात तोडला असता. रविवारी पुरण वाटून झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले, दोन दिवसांच्या दोन गोळ्या एकदम चुरल्या, एका उंड्यात भरल्या आणि त्या रोटाच्या कडेला चिमटा काढून खूण केली. डॉक्टरबाईंनी एक सांगितली होती, मी दोन घातल्या. अकरा दिवसांची भरपाई म्हणे. एवढी अक्कल मला कुठून आली कोणास ठाऊक.

आरती झाली. कानबाईसमोर पाट मांडले. माझ्या हातानं मी भूपेशला रोट वाढला, वर तूप. त्यानं हात लावला नाही. वर बघितलं.

"वहिनी, याम्हा काही टाकेल शे का?"

"काही नही."

"कानबाईनी आन?"

समोर देवी, नथ हलत होती, पंखा चालू होता म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "कानबाईनी आन. काही टाकेल नही."

आणि पहिल्यांदाच माझं खोटं त्याला कळलं नाही. एवढ्या दिवसांचा भुकेला होता, मोठे घास घेत अर्धा रोट संपवला. मग थांबला. जिभेवरून काहीतरी बोटावर घेतलं, गोळीचा न चुरलेला एक पांढरा तुकडा होता. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. तो उठला, तो तुकडा चौरंगावर कानबाईच्या पायाशी ठेवला, माझ्याकडे न बघता चप्पल घातली आणि निघून गेला.

आम्हाला वाटलं अंगणात जाईल, सत्तावीस पावलं. तो गावाबाहेर गेला होता. नवनीतनं मोटरसायकलवर शहाद्यापर्यंत बघितलं, पितांबरनाना पोरं घेऊन उसातून फिरले. मायनं एकदाच विचारलं, पुरणात काय होतं, आणि मी सांगितल्यावर ती कानबाईसमोर जाऊन बसली. मी मात्र बसू शकले नाही. त्याच सत्तावीस पावलांवर पहाटेपर्यंत जात-येत राहिले, आणि मनात एकच, मायचा मामाही असाच गेला होता.

सोमवारी सकाळी फोन आला. भूपेश प्रकाशा गावात होता, तापीच्या घाटावर. आमच्या पाहुण्यातल्या एकानं त्याला ओळखलं होतं. मी नवनीतच्या मागे बसले, वाटभर त्याला हळू चालव म्हणत होते आणि हळू चालवलं की लवकर चल म्हणत होते.

घाटावर ही गर्दी. सोमवारी कानबाईचं विसर्जन असतं, बायका डोक्यावर चौरंग घेऊन वाजतगाजत येत होत्या. भूपेश खालच्या पायऱ्यांवर बसला होता, पाण्यात पाय सोडून. पँट मांड्यांपर्यंत ओली होती. तो आधी आणखी खाली उतरला होता आणि परत आला होता, का परत आला ते मी कधी विचारलं नाही. नवनीतला मी वरच थांबायला सांगितलं आणि भूपेशपासून एक पायरी सोडून बसले. तो तोंडातल्या तोंडात कोणाला तरी उत्तरं देत होता. बोलायला माझ्याकडे शंभर गोष्टी होत्या, सगळ्या खोट्या. औषधच होतं, तुझ्याच भल्यासाठी, मायनं सांगितलं म्हणून. एकही तोंडातून निघेना.

"गोळी मीच टाकी," मी म्हणाले. "रोटमा बी, आनि पहिले दायमा बी. दीड महिना. मायले माहीत नव्हतं. कानबाईनी आन मी खोटी लिधी."

त्यानं मान वळवली. किती तरी दिवसांनी तो माझ्याकडे बघत होता, माझ्या मागे नाही.

"म्हंजे मी खरं सांगी ऱ्हायंतू."

"हा. तितलं खरं व्हतं."

मला रडू कोसळलं. नऊ महिने आम्ही सगळे त्याला सांगत होतो की तुझ्या मनाचे खेळ आहेत, आणि त्यातली एक गोष्ट मी माझ्या हातांनी खरी करून ठेवली होती. तो मात्र रडला नाही. त्याच्या कपाळावरची आठी कमी झाली. परीक्षेत एक तरी उत्तर बरोबर आलं म्हटल्यावर पोराचं होतं तसं काहीसं. मग त्यानं विचारलं, "मोटर मन्हं नाव लेस का?"

"नही."

"खरं?"

"खरं. मी रोज ऐकस, ती नुसती चालस."

"आनि त्या दोन मान्सं?"

"मी त्यास्ले कधी ऐकं नही, भूपेश. तुले ऐकू येतस. माले नही."

पलीकडे कोणाची तरी कानबाई बुडवत होते, बायका गाणं म्हणत होत्या. मग त्यानं ओले पाय वर घेतले आणि चप्पल शोधायला लागला.

तसेच नंदुरबारला गेलो. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं, फोनवरच्या खोट्यासकट. त्या रागावल्या, आणि त्यांनी रागावावं असंच ते होतं. जबड्याचं ऐकून त्यांनी गोळी बदलली. भूपेशला म्हणाल्या, गोळी तुझ्या हातात राहील, तुझ्या डोळ्यांसमोर पाकिटातून निघेल, तुला नको असेल तर मला फोन करून नको म्हण, पण थुंकू नकोस. तो तयार झाला, एका अटीवर. वहिनी आजपासून खोटं बोलणार नाही, कशाचंच.

सोपं वाटतं ना? माय माझ्याशी पोळ्यापर्यंत बोलली नाही, ते सोसलं. पण वर्षभर खोटं न बोलता एका घरात राहून बघा. नणंदेनं आणलेली साडी कशी आहे हे भूपेशसमोर विचारलं की मी गप्प. नवनीतनं भाजी चांगली झाली का विचारलं तर नाही झाली. माहेरी आईला वर्षभर एकदाही ताप आला नाही. आणि भूपेश विचारत राहायचा, दिवसातून वीस-वीस वेळा. आत्ता कोणी हाक मारली का. दारात कोण आहे. मी नाही म्हटलं की तो मान हलवायचा, आणि ज्या दिवशी खरंच कोणी दारात असायचं त्या दिवशी मी हो म्हणायचे. डिसेंबरपर्यंत वीसचे पाच झाले. फेब्रुवारीत तो कॉलेजच्या फॉर्मबद्दल बोलला. मार्चमध्ये पंधरा दिवस पुन्हा अंथरुणातून उठला नाही. पुन्हा नंदुरबार, पुन्हा गोळीचं माप वर. चढउतार म्हणजे काय ते आम्ही शिकलो.

एक गोष्ट मात्र गेली नाही. रोज गोळी स्वतः घ्यायचा, पण जेवायला बसला की आपलं ताट माझ्यापुढे सरकवायचा आणि माझं आपल्याकडे ओढायचा. मी त्याचं ताट जेवायचे. वर्षभर मी माझ्या ताटात जेवले नाही.

यंदा कानबाई बसली तेव्हा त्याला तेविसावं लागलं होतं. आपलं माप त्यानं स्वतः घातलं, मायनं दोघांची नावं घेतली. पुरण वाटताना मी खोलीचं दार उघडं ठेवलं. आरतीनंतर पाट मांडले. त्यानं खिशातून पाकीट काढलं, गोळी दाबून तळहातावर घेतली, आम्हा सगळ्यांना दिसेल अशी, आणि पाण्याबरोबर गिळली. मी रोट वाढला, वर तूप. त्यानं हात लावला नाही. वर बघितलं.

"वहिनी, मी पुरा बरा व्हसू का?"

माय माझ्याकडे बघत होती. तिची मान जराशी हलत होती, हो म्हण, हो म्हण. नवनीतनं डोळे खाली केले. कोणत्याही घरात, कोणत्याही देवीसमोर या प्रश्नाला एकच उत्तर देतात. माझ्या तोंडाशी ते आलंही होतं.

"माले माहीत नही," मी म्हणाले. "गोळी सोडी दिधी ते नही व्हशी, तितलंच माहीत शे."

मायनं हुंदका दाबला. भूपेश माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पूर्वी आईच्या तापाचं विचारताना बघायचा तसा. मग त्यानं आपलं ताट जवळ ओढलं. माझ्या ताटाकडे त्याचा हात गेला नाही. रोट मोडला, तुपात बुडवला आणि खायला सुरुवात केली.